रांजण घरातच होते

अपहरणाचा सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रं येतात. काळ्या काचांची गाडी, तोंडाला रुमाल बांधलेले चार आडदांड लोक, गावाबाहेरचा पडका कारखाना, खुर्चीला बांधलेला मुलगा आणि फोनवर घोगऱ्या आवाजात, "पोलिसांना कळवलंत तर याद राखा!" हिंदी सिनेमाने इतकी वर्षं हेच दाखवलं, त्यामुळे गुन्हेगार म्हणजे कुठेतरी लांब, वस्तीबाहेर राहणारा माणूस असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे.

'एल क्लान' हा २०१५ सालचा अर्जेंटिनाचा स्पॅनिश चित्रपट बघताना या समजुतीची पार वाट लागते. ह्यात पडका कारखाना नाही. पळवून आणलेल्या माणसाला ठेवलंय ते राहत्या घरात, वरच्या न्हाणीघरात, हातपाय बांधून. खाली स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची तयारी चालली आहे. धाकटी मुलगी अभ्यास करते आहे. आई शाळेतून दमून आली आहे.

हो, शाळेतून. ही आई शिक्षिका आहे. म्हणूनच हा सिनेमा माझ्या मानेवरून उतरायला तयार नाही.

आधी थोडी माहिती. दिग्दर्शक पाब्लो त्रापेरो. ह्या चित्रपटासाठी त्यांना व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, पुढे स्पेनचं गोया पारितोषिकही मिळालं. 'क्लान' म्हणजे कूळ, आणि टोळीसुद्धा. एकाच शब्दात दोन्ही आलं. भाचीच्या मुलाने मला तो लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळतात आणि आमचं इंग्रजी बी. ए. ला मराठी माध्यमातून जेवढं आलं तेवढंच, त्यामुळे मी तो थांबवत थांबवत पाहिला. पावणेदोन तासांच्या सिनेमाला सव्वातीन तास लागले. पण थांबवल्यामुळे एक झालं. मागे कोण उभं आहे, कोण कुठे बघतंय, कोण मुद्दाम बघत नाहीये, हे सगळं नीट दिसलं.

गोष्ट खरी आहे. ब्यूनोस आयर्सच्या उत्तरेला सान इसिद्रो नावाचं सुखवस्तू उपनगर आहे. जुनी घरं, मोठं चर्च, आणि रग्बीचं भयंकर वेड. तिथे पुच्चो नावाचं कुटुंब राहायचं. वडील आर्किमेदेस, आई एपिफानिया, तीन मुलगे, दोन मुली. थोरला आलेहान्द्रो रग्बीतला नामांकित खेळाडू, अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला. मोठी मुलगी चित्रकला शिकवायची, म्हणजे घरात शिक्षिका दोन. वडील पहाटे-रात्री केव्हाही घरापुढची फरसबंदी झाडताना दिसायचे, इतके की शेजाऱ्यांमध्ये तो चेष्टेचा विषय झाला होता. ह्या घराने, म्हणजे वडिलांनी, मुलांनी आणि बाहेरच्या काही साथीदारांनी मिळून, १९८२ ते १९८५ ह्या काळात चौघांना लक्ष्य केलं. पहिल्या दोघांच्या घरच्यांनी खंडणी भरली, तरी त्यांना मारून टाकलं. तिसरा माणूस पळवून नेतानाच मारला गेला. चौथी एक वयस्क बाई होती. ऑगस्ट १९८५ मध्ये पोलीस घरात घुसले तेव्हा ती तळघरात जिवंत सापडली. महिनाभर तिथे होती. वृत्तान्तांत असं आलं आहे की तळघरात गवताच्या पेंढ्या ठेवून त्यावर पंखा सोडला होता, म्हणजे गवताच्या वासाने तिला वाटावं की आपण खेड्यात कुठेतरी आहोत. मुळात ती होती भरवस्तीत, डोक्यावर ह्यांचं घर नांदत होतं.

मारल्या गेलेल्यांची नावं मी इथे देत नाही. त्यांची माणसं आहेत अजून. पण एक सांगते. पहिला तरुण आलेहान्द्रोच्या ओळखीचा होता. ओळखीचा मुलगा दिसला म्हणून त्याने गाडी थांबवली. एवढाच त्याचा अपराध.

आता सिनेमातला तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. आर्किमेदेस स्वयंपाकघरातून जेवणाचा ट्रे उचलतो. जिना चढतो. वाटेत मुलीच्या खोलीत डोकावून, आईला टेबल मांडायला मदत कर, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. अगदी कुठल्याही घरातला बाप बोलेल तसं. मग पुढे जातो, एका दाराचं कुलूप काढतो, आणि आत तो बांधलेला, डोक्यावर फडकं टाकलेला मुलगा. कॅमेरा कुठे तुटत नाही. स्वयंपाकघर, जिना, मुलीची खोली आणि ते न्हाणीघर हे सगळं एकाच छपराखाली आहे, चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे तो नुसता मागे मागे चालत जाऊन सांगतो. कुठे किंकाळी नाही, धावपळ नाही, आणि माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

वडिलांचं काम केलं आहे गियेर्मो फ्रान्सेया ह्या नटाने. 'द सीक्रेट इन देअर आइज' हा ऑस्कर मिळालेला चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना नायकाचा तो दारुडा सहकारी आठवेल, तोच हा. अर्जेंटिनात हा माणूस मुख्यतः विनोदी नट म्हणून लोकांच्या घराघरात पोचलेला. समजा आपल्याकडे अशोक सराफांना अशी भूमिका दिली तर लोक पहिली दहा मिनिटं हसण्याची वाट बघत बसतील, तसं तिथे झालं असणार. इथे तो पापणी न हलवता बघतो. आवाज चढवत नाही. मुलांना मारत नाही. 'तू माझा मुलगा आहेस ना?' एवढ्या भांडवलावर सगळं करून घेतो. (नाव आर्किमेदेस आणि कैद्याला ठेवतो न्हाणीच्या टबात! विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाई असत्या तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.)

दुसरा एक प्रसंग मला शिक्षिका म्हणून फार लागला. कैद झालेल्या मुलाकडून तो घरच्यांना चिठ्ठी लिहून घेतो. तो सांगतो आणि मुलगा लिहितो. मी ठीक आहे, मला चांगलं वागवतात, सांगतात तसं करा. छत्तीस वर्षं मी वर्गात श्रुतलेखन घातलं. बाकांमधून फिरत, एकेक वाक्य दोनदा म्हणत, स्वल्पविराम आला की थोडं थांबत. हा माणूस अगदी त्याच सुरात, त्याच सबुरीने सांगतो. मुलाच्या घरी चिठ्ठी पोचली की त्याची आई आधी काय बघेल? अक्षर. अक्षर आपल्याच मुलाचं आहे ना, एवढंच. शब्द कोणाचे आहेत हे तिला कळणार, पण अक्षर त्याचं आहे म्हणजे तो आहे, ह्या आशेवर ती पैसे उभे करणार. खंडणीचा सगळा धंदा त्या अक्षरावर चालतो. पैसे दिल्यावर माणूस परत येईल ह्याची हमी कोणीच देत नाही, तरी देणारा देतो, कारण न देऊन तो जगू शकत नाही. पहिल्या दोन्ही घरांनी दिले. माणसं परत आली नाहीत.

आता मूळ मुद्दा.

आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर मी ही गोष्ट सांगितली. चार जणींनी ऐकली, आणि दोघींची प्रतिक्रिया एकच आली, "अगं बाई, त्या बायकोचं किती वाईट वाटतं! बिचारीला काय ठाऊक असणार? सकाळी शाळा, संध्याकाळी स्वयंपाक. पुरुष बाहेर काय करतात ते बायकांना कुठे सांगतात?"

हा 'बिचारी' शब्द मला मान्य नाही. बाहेर काय करतात हा इथे प्रश्नच नाही, सगळं घरात चाललंय. एका माणसाचं पान जास्तीचं वाढलं जातं. न्हाणीघराला बाहेरून कुलूप आहे. वरून आवाज येतो तेव्हा रेडिओ मोठा होतो. सिनेमात ही सगळी गाणी आनंदी, पाय थिरकायला लावणारी आहेत, आणि सुरुवातीला मला दिग्दर्शकाचा रागच आला होता, असल्या प्रसंगाला हे काय संगीत! मग लक्षात आलं की हे त्या घराला हवं असलेलं संगीत आहे. न ऐकण्यासाठी लावलेलं.

कायद्याचं म्हणाल तर खऱ्या आयुष्यात त्या आईला आणि मोठ्या मुलीला अटक झाली होती, काही काळ तुरुंगात काढावा लागला, आणि पुढे पुराव्याअभावी त्या सुटल्या. आपल्याला काहीच माहीत नव्हतं असंच आईचं म्हणणं होतं. न्यायालयाने सोडलं म्हणजे सोडलं, मी काही न्यायाधीश नाही. मी बोलते आहे ती पडद्यावरच्या आईबद्दल, आणि पडद्यावरची आई बघितल्यावर आपल्या बायकांच्या तोंडून निघणाऱ्या त्या 'बिचारी'बद्दल.

उलट बाजूही मांडायला हवी. कट्ट्यावरच्या तिसऱ्या बाईंनी ती मांडली. त्या नेहमी कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "बरं, समजा तिला कळलं. जायचं कुठे तिने?" प्रश्न चोख आहे. १९७६ पासून १९८३ पर्यंत त्या देशात लष्करी राजवट होती, आणि माणसं पळवण्याचा सगळ्यात मोठा कारखाना सरकारच चालवत होतं. रात्री गाडी यायची, माणूस जायचा, परत यायचा नाही. लोकशाही आल्यावर लेखक एर्नेस्तो साबातो ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याने १९८४ मध्ये अहवाल दिला, त्यात जवळजवळ नऊ हजार बेपत्ता माणसांची नोंद आहे. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना हा आकडा तीस हजार सांगतात. आर्किमेदेस पुच्चो ह्याच यंत्रणेच्या आसपास वावरलेला, गुप्तहेर खात्याशी संबंध असलेला माणूस. राजवट डगमगली आणि ह्या लोकांच्या हाताला काम उरलं नाही. हातातली विद्या मात्र होती. फॉकलंडच्या युद्धात जून १९८२ मध्ये अर्जेंटिनाने हार पत्करली, आणि पुढच्याच महिन्यात ह्या घराने पहिलं माणूस पळवलं. मग अशा गावात एखाद्या शिक्षिकेने पोलीस चौकीवर जाऊन सांगायचं तरी कोणाला? आणि सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते नवऱ्याच्या कानावर जाणार नाही कशावरून?

हे मला पटतं. तक्रार करायला हवी होती असं मी म्हणतच नाही. त्या काळात त्या देशात लोकांच्या तोंडी एक वाक्य असायचं, शेजारच्या घरातून कोणाला उचलून नेलं की म्हणायचे, असेल काहीतरी कारण. सगळं शहर जर असं म्हणून खिडकी लावून घेत होतं, तर एका बाईकडूनच शौर्याची अपेक्षा का करावी? त्याच शहरात १९७७ पासून काही आया दर गुरुवारी राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोरच्या चौकात डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या घालत होत्या, आमची मुलं कुठे आहेत म्हणून विचारत होत्या, हे जरी खरं असलं तरी ती माणसं विरळा. मी तेवढं मागत नाही.

पण धीर नसणं वेगळं आणि ठाऊक नसणं वेगळं. आपण बायका ह्या दोन्हींची मोट बांधतो. धीर नव्हता असं म्हटलं तर निदान खरं बोलल्यासारखं होईल. 'काय ठाऊक असणार बिचारीला' म्हटलं की सगळंच मिटतं.

मी हे इतक्या ठामपणे म्हणते त्याला एक कारण आहे. नोकरीतली सुरुवातीची काही वर्षं मी तालुक्याच्या एका गावी होते. पाचवीला मराठी शिकवायचे. 'माझे बाबा' हा निबंध तेव्हाही होता आणि आजही असेल. बहुतेक मुलं फळ्यावरचे मुद्दे घेऊन तेच लिहितात, माझे बाबा सकाळी लवकर उठतात, माझे बाबा मला खाऊ आणतात. एका मुलाने लिहिलं, आमच्या मागच्या खोलीत बाबांचे डबे असतात, तिकडे आम्ही जायचं नाही, रात्री माणसं येऊन डबे नेतात, तेव्हा आई आम्हाला गोधडीत घेऊन मोठ्याने गाणी म्हणते. मी तपासलं, बरोबरची खूण केली, वह्या वाटल्या. दारूबंदीचा काळ होता, डबे कसले ते गावात शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आई आली. पदर डोक्यावर, हातात काही नाही. म्हणाली, "बाई, पोराची वही जरा द्या." मी दिली. निबंध कितव्या पानावर आहे हे तिने मला विचारलं नाही. तिला अक्षरओळख बेताचीच होती, पण नेमकं ते पान काढून तिने ते शिवणीपासून जपून फाडलं, घडी करून कमरेला खोचलं आणि वही परत दिली. "लेकरू आहे, काहीबाही लिहितं," म्हणाली आणि गेली. जिला काहीच ठाऊक नाही तिला कुठलं पान फाडायचं हे कसं कळणार?

त्या बाईला मी वाईट म्हणत नाही. नवरा कसा होता मला माहीत आहे. आणि हातभट्टीचे डबे कुठे आणि बांधून ठेवलेला जिवंत माणूस कुठे. पण ते गोधडीतलं गाणं आणि ह्या सिनेमातला मोठा केलेला रेडिओ ह्यांची जात एकच आहे. सिनेमा बघताना रेडिओ मोठा झाला की मला दर वेळी ती वही दिसायची.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचं एक फार जुनं उत्तर आहे, वाल्या कोळ्याची गोष्ट. कीर्तनात ऐकलेली, पाठ्यपुस्तकातून शिकवलेली. वाल्या वाटसरूंना लुटायचा, मारायचा, आणि प्रत्येक खुनाला एक खडा रांजणात टाकायचा. असे सात रांजण भरले. मग नारद भेटले, म्हणाले, ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी आहेत का, विचारून ये. तो घरी गेला. बायको म्हणाली, मुलं म्हणाली, आम्हाला पोसणं तुमचं काम, पाप तुमचं तुम्ही बघा. वाल्याचे डोळे उघडले आणि त्याचा वाल्मीकी झाला.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं नेहमी वाल्याबद्दल प्रश्न विचारत. इतके खडे मोजले कोणी, वारूळ अंगावर वाढलं तर त्याला मुंग्या चावल्या नाहीत का. बायकोबद्दल कोणी कधी विचारलं नाही. आमच्या कीर्तनकारबुवांनीही तिला एका वाक्यात मोकळं केलं. पण मंडळी, रांजण काही कोणी रानात ठेवत नाही. रांजण घरात असतात. ते एकामागून एक भरत होते. दोन रांजण भरल्यावर तिसरा कुंभाराकडून आणला असेल, तेव्हा पाण्याला नाही तर कशाला, असं घरात कोणीतरी विचारलंच असेल. किंवा विचारलं नसेल. 'पाप तुमचं तुम्ही बघा' हे उत्तर इतकं तयार होतं, विचारल्याबरोबर तोंडातून आलं, ह्याचा अर्थ ते बरेच दिवस मनात तयार करून ठेवलेलं होतं. एपिफानियाचं, 'आम्हाला काही माहीत नव्हतं', हे मला त्याच घडणीचं वाटतं.

मुलांचा हिशेब मात्र वेगळा धरायला हवा, आणि सिनेमा तो धरतो. मधला एक मुलगा रग्बीच्या दौऱ्यावर परदेशी जातो आणि परत येतच नाही. भावाला सांगून जातो. त्याने कोणाला वाचवलं नाही, कोणाला सांगितलं नाही, पण स्वतः त्या टेबलावरून उठला. आणखी एक भाऊ, मागिला म्हणतात त्याला, परदेशात सुखात असतो तो उलट परत येऊन ह्यात सामील होतो. एकाच आईबापाची ही दोन मुलं. आणि धाकटी मुलगी, तिला तर काय म्हणणार? शाळकरी पोर. तिला आवाज ऐकू आला तर तिने कोणाकडे जायचं असतं? आईकडे. किंवा शाळेत बाईंकडे. इथे दोन्ही एकच. ह्या एका जागी मला त्या आईबद्दलचा सगळा समजूतदारपणा सोडून द्यावासा वाटतो.

चित्रपटाबद्दल एक तक्रारही आहे. पळवलेल्या माणसांना तो फारसा चेहराच देत नाही. ती येतात, डोक्यावर फडकं पडतं, संपतात. त्यांच्या घरात त्या दिवसांत काय चाललं असेल, फोन वाजला की कोण उचलत असेल, ह्याला अगदी थोडी जागा आहे. ह्याउलट गाब्रिएल गार्सिया मार्केसचं १९९६ सालचं 'नोतिसिया दे उन सेकुएस्त्रो' हे पुस्तक आहे, कोलंबियात १९९० साली पाब्लो एस्कोबारच्या लोकांनी पळवलेल्या पत्रकार मंडळींबद्दलचं. (मी ते इंग्रजीतून, कोश शेजारी ठेवून, तीन महिने वाचत होते.) त्यात आपण कैद्यांबरोबर त्या कोंदट खोलीत राहतो. घरची माणसं टीव्हीवरून, रेडिओवरून त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचवायचा प्रयत्न करतात, आणि आतली माणसं त्या आवाजासाठी जीव टांगून बसतात. तिथे रेडिओ ऐकण्यासाठी आहे. त्रापेरोने उलटी बाजू निवडली, पहारेकऱ्यांच्या घराची. तो त्याचा अधिकार. तरीही पहिल्या तरुणाच्या आईचं एखादं दृश्य असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. शिवाय एका ठिकाणी प्रेमप्रसंग आणि कैद्याचे हाल आळीपाळीने दाखवले आहेत. ते मला रुचलं नाही, वयाचा दोष म्हणा हवं तर.

आलेहान्द्रोबद्दल लिहायचं राहिलं. पीटर लान्झानी ह्या तरुण नटाने ते काम केलं आहे. सिनेमाचा निम्मा भार त्याच्यावर आहे. देखणा, लोकांचा लाडका, बापाला नाही म्हणू न शकणारा. वाट्याला आलेल्या पैशातून घराला लागून खेळाच्या सामानाचं दुकान काढतो, एका मुलीवर प्रेम करतो, लग्नाची स्वप्नं बघतो. अटक झाल्यावर त्याच्या खेळातल्या मित्रांचा कितीतरी दिवस विश्वासच बसला नाही. शेजाऱ्यांचाही नाही. इतकं चांगलं कुटुंब, असंच सगळे म्हणत होते. त्याच वर्षी, त्याच शहरात, लष्करी राजवटीच्या प्रमुखांवर खटला चालू होता आणि रोज एकेक साक्षीदार उभा राहून गेल्या दहा वर्षांत काय घडलं ते सांगत होता. ते ऐकणारी, वर्तमानपत्रात वाचणारी माणसं आपल्या गल्लीतल्या घराबद्दल मात्र म्हणत होती की छे, हे कसं शक्य आहे.

नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेहान्द्रोने न्यायालयाच्या इमारतीत पाचव्या मजल्यावरून उडी टाकली. सिनेमात हे इतकं अचानक येतं की मी रिमोट हातातून टाकला. तो वाचला. पुढची बरीच वर्षं तुरुंगात काढून २००८ मध्ये वारला. वडिलांना जन्मठेप झाली. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि बाहेर आल्यावर ला पाम्पा प्रांतात जनरल पिको नावाच्या गावी चक्क वकिली केली. २०१३ मध्ये तिथेच वारले. त्यांचं शव ताब्यात घ्यायला घरचं कोणीही आलं नाही, शेवटी बेवारशांबरोबर पुरलं.

असो. सिनेमा जरूर बघा, पण रात्री जेवताना लावू नका. आणि नागपूरच्या वहिनी, तुम्ही मात्र बघू नका, तुमची ब्लडप्रेशरची गोळी नुकतीच वाढवली आहे. तुम्हाला हवं तर मी फोनवर सगळी गोष्ट सांगेन, उडीचा भाग गाळून.